पर्जन्यछायेच्या तासाला निघालेली वाट

सहावीच्या वर्गाला पर्जन्यछायेचा प्रदेश शिकवताना मी नेहमी सातारा जिल्ह्याचे उदाहरण घेतो. एकाच जिल्ह्यात सह्याद्रीच्या माथ्यावरील महाबळेश्वरला वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि पूर्वेकडील माण तालुक्यात तो ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे डोंगराला अडून वर चढतात, थंड होऊन घाटमाथ्यावर रिते होतात आणि पलीकडे उतरताना कोरडे पडतात, हे मी फळ्यावर काढून दाखवले. मुलांनी ते मुकाट्याने वहीत उतरवून घेतले.

तेव्हा माणदेशातल्या धनगर कुटुंबातली, एरवी फारसे न बोलणारी एक मुलगी उभी राहिली. "सर, म्हणूनच आमची मेंढरं दिवाळीनंतर कोकणात जातात." मी खडू तिच्या हाती दिला. तिने माणपासून कराड, पाटण, कुंभार्ली घाट आणि चिपळूण अशी वाट ओढली व मुक्काम सांगितले: घोड्यांवर बिऱ्हाड लादलेले, चालता न येणारी कोकरे त्यावरच बसवलेली, आणि भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरात रात्री मेंढरे बसवायची. लेंडीखताच्या बदल्यात शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. "मग तिथंच का राहत नाही?" एका मुलाने विचारले. "पावसात खूर कुजतात. मिरगाच्या आत आमचा वाडा, म्हणजे माणसा-मेंढरांचा जथा, परत निघतो." चरणाऱ्या कळपासाठी अतिपाऊस हेही संकट असते, हे वर्गाला तिच्याकडून कळले.

पाठ्यपुस्तकात प्राकृतिक रचना एका धड्यात आणि लोकजीवन दुसऱ्या धड्यात असते. ही ताटातूट मला मनापासून खटकते, कारण घाटापलीकडच्या शेतकऱ्याचे आणि मेंढपाळाचे पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते त्या ५,००० आणि ५०० या आकड्यांतूनच जन्मलेले आहे.

मुलांची उत्सुकता पाहून मी भारताचा नकाशा टांगला. हिमाचल प्रदेशातील गद्दी मेंढपाळ उन्हाळ्यात उंचावरच्या कुरणांकडे चढतात आणि हिवाळ्यात कळप खाली आणतात, जम्मू-काश्मीरमधील बकरवालांचाही असाच ऋतुक्रम असतो, एवढेच सांगून मी थांबलो. तिथे कळपाला डोंगर कशामुळे सोडावा लागत असेल, हे मी विचारले, तेव्हा निम्म्या वर्गाने एका सुरात उत्तर दिले, "बर्फ!"