इन-स्टेट फी आणि लायसन्सवरची तारीख

लेकीचं बारावीचं वर्ष सुरू व्हायच्या आधी, जुलैमध्ये, आम्ही न्यू जर्सीहून कॅलिफोर्नियात आलो. घर, शाळा, पुढे कॉलेजची ॲडमिशन, सगळं रीतसर झालं. गाडी अडली ती विद्यापीठाच्या रेसिडेन्सी ऑफिसात, म्हणजे मूल याच राज्यातलं धरून कमी, इन-स्टेट फी लावायची की परराज्यातलं धरून जास्त, हे जिथे ठरतं तिथे, आणि तो राग अजून डोक्यातून गेलेला नाही.

रक्कम साधी नसते हो. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात २०२५-२६ ला नव्याने येणाऱ्या परराज्यातल्या मुलांना नेहमीच्या फीवर वर्षाला ३७,६०२ डॉलर जास्त पडतात. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत दर युनिटमागे, म्हणजे अभ्यासाच्या प्रत्येक क्रेडिटमागे, जादा आकारतात. एका पगारावर चालणाऱ्या घराने हे कुठून उभे करायचे?

नियम असा की टर्मसाठी ठरलेल्या तारखेआधी वर्षाहून जास्त, म्हणजे निदान ३६६ दिवस, राज्यात वास्तव्य हवं आणि इथेच राहायचा इरादा कागदांवर दिसायला हवा. मूल आपल्यावर अवलंबून असेल तर आई-वडिलांचं वास्तव्य बघतात. एच-१बी (नोकरीचा व्हिसा) आणि एच-४ (त्याच्या जोडीदाराचा आणि मुलांचा व्हिसा) दोन्ही चालतात. हे मुद्दाम लिहितेय, कारण "व्हिसावर आहात, विसरा इन-स्टेट" असं सांगून आम्हाला बऱ्याच जणांनी घाबरवलं होतं. चालत नाही तो एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा.

आम्ही जुलैतच आलेलो, त्यामुळे वर्ष भरत होतं, पण जेमतेम. लीज दिली, लाइटची बिलं दिली, नवऱ्याचं लायसन्स दिलं. पोर्टलवर उत्तर आलं: वास्तव्य मार्चपासून, वर्ष पूर्ण नाही.

मार्च कुठून आला? व्हिसाचं एक्स्टेन्शन आल्यावर नवऱ्याचं लायसन्स रिन्यू झालं होतं. आपल्या लोकांची लायसन्सं व्हिसाच्या मुदतीपुरतीच असतात, त्यामुळे ती वरचेवर नवी होतात. नव्या कार्डावर 'आयएसएस'पुढे, म्हणजे कार्ड दिल्याची तारीख असते तिथे, बारीक अक्षरात मार्चची तारीख. समोरच्याने तेवढीच वाचली. त्याच फाइलमध्ये आदल्या ऑगस्टची लीज पडलेली होती!

ईमेल केला की ठरावीक उत्तर: आपला अर्ज विचाराधीन आहे. फोन लावला की रांगेतलं संगीत. तेवढ्यात बिल आलं, परराज्याच्या दराने, आणि भरायची शेवटची तारीख रोज जवळ येतेय. लेक विचारायची, "आई, मी दुसऱ्या कॉलेजला हो म्हणू का?" त्या प्रश्नाने मला जेवढं चिडवलं तेवढं कशानेच नाही. कागद आमच्याकडे होते, ते वाचायला कोणी तयार नव्हतं.

शेवटी डीएमव्हीकडून, म्हणजे लायसन्स देणाऱ्या सरकारी खात्याकडून, नवऱ्याच्या ड्रायव्हिंग रेकॉर्डची प्रत घेतली. सोबत शाळेचं पत्र, ज्यात प्रवेशाची तारीख होती, न्यू जर्सीचं घर सोडल्याचं घरमालकाचं पत्र, आणि पहिल्या वर्षाचं ५४०एनआर रिटर्न (वर्षाचा काही भागच कॅलिफोर्नियात राहिलेल्यांनी भरायचं राज्याचं टॅक्स रिटर्न), कारण त्या वर्षी आम्ही दोन्ही राज्यांत अर्धेअर्धे होतो. वर एक पान जोडलं: कोणती तारीख कोणत्या कागदावर. हे पान नक्की करा. माझं ठाम मत आहे की काम त्यानेच झालं. निकाल बदलला, बिल दुरुस्त झालं, आणि त्या दिवशी घरात पुरणपोळी झाली.

हो, लायसन्स रिन्यू करायच्या आधी जुन्या कार्डाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा. नवरा-बायको दोघांचीही नावं लीजवर घ्या. अपील करायची मुदत निकालाच्या पत्रातच असते, ती आधी वाचा. निकाल लांबला तर बिलाच्या ऑफिसला वेगळं लेखी कळवा, कारण रेसिडेन्सीवाले त्यांना आपणहून काही सांगत नाहीत. आणि एच-४ वरचं मूल २१ वर्षांचं झालं की तो व्हिसा संपतो. पुढे एफ-१ घ्यावा लागला तर इन-स्टेट दर टिकत नाही, तेव्हा डिग्रीची वर्षं आणि वाढदिवस आत्ताच जुळवून बघा.