एचडी १८९७३३ बी: २०० मिमी दुर्बिणीतून अधिक्रमण, तिसरी नोंद

जंबुक तारकासमूहात, डंबेल तेजोमेघाच्या अगदी शेजारी, साधारण ६४ प्रकाशवर्षांवरचा ७.७ प्रतीचा एचडी १८९७३३ हा तारा. त्याचा ग्रह एचडी १८९७३३ बी दर २.२१८६ दिवसांनी त्याच्यासमोरून जातो (हेच अधिक्रमण) आणि सुमारे ११० मिनिटं त्याचा जवळजवळ २.४ टक्के प्रकाश अडवतो. हौशी खगोलनिरीक्षकाला याहून ठळक घट क्वचितच मिळते. तरी पहिल्या दोन रात्रींचे प्रकाशवक्र (वेळेनुसार ताऱ्याच्या प्रकाशाचे आलेख) टाकून द्यावे लागले.

संच तोच: एफ/५ न्यूटनियन (आरशाची) दुर्बीण, ३.७६ मायक्रॉन पिक्सेलचा थंड केलेला मोनो (कृष्णधवल) कॅमेरा, लाल फिल्टर. एक पिक्सेल म्हणजे ०.७८ आर्कसेकंद.

पहिल्या रात्री एक्स्पोजर ३ सेकंदांचं होतं. इतक्या कमी वेळात ताऱ्याचं लुकलुकणं सरासरीत विरत नाही, बिंदू वरखाली उडत राहतात. २० सेकंद दिले की हा गोंधळ अडीचपट घटतो, पण नीट फोकस केलेला तारा तेवढ्यात पार जळून जातो. म्हणून फोकस मुद्दाम बिघडवायचा: ताऱ्याचं साधारण २५ पिक्सेल रुंदीचं कडं दिसेपर्यंत. सर्वांत उजळ पिक्सेलचं मूल्य ३०,००० च्या आसपास ठेवावं.

दुसऱ्या रात्रीची चूक जास्त फसवी होती. या ताऱ्यापासून ११ आर्कसेकंदांवर, म्हणजे साधारण १४ पिक्सेलवर, एक मंद लाल बटू सोबती आहे. मापनाचं वर्तुळ (ज्याच्या आतला प्रकाश मोजायचा ते) २० पिक्सेल त्रिज्येचं ठेवलं की सोबत्याचं कडं बरोबर त्याच्या काठावर येतं. गाइडिंग (दुर्बीण ताऱ्यावर रोखून ठेवणं) जरा हललं की त्याचा प्रकाश आतबाहेर होतो. आता त्रिज्या ३० केली आहे, दोघेही कायम आत. त्यातच मध्यमंडल (आकाशाची उत्तर-दक्षिण मध्यरेषा) ओलांडताना दुर्बिणीचा माउंट उलटला, तारे वेगळ्या पिक्सेलवर गेले आणि वक्रात पायरी पडली. फ्लॅट (पिक्सेलमधला फरक काढून टाकण्यासाठी घेतलेली एकसारख्या उजेडाची चित्रं) कितीही चांगले असोत, ही पायरी पूर्ण जात नाही. उलटणं अधिक्रमणाच्या आधीच उरकून घेणं उत्तम.

तिसऱ्या रात्री घट स्वच्छ उमटली. शेवटी थोडा उतार राहिला, तो एका निळ्या तुलना ताऱ्यामुळे (ज्याच्याशी आपल्या ताऱ्याचा प्रकाश ताडून पाहतो तो): तारा खाली येतो तसा हवेत निळा प्रकाश जास्त विरतो, आणि आपला तारा नारिंगी आहे. तो तुलना तारा वगळला आणि उतार गेला.

नऊ फेऱ्यांना १९.९७ दिवस लागतात. म्हणजे साधारण याच वेळेची पुढची संधी २० दिवसांनी, घड्याळात ४७ मिनिटं आधी. चित्रण मात्र अधिक्रमणाच्या तासभर आधीपासून सुरू हवं.