नखाला कळतो तो हुरडा

ज्वारी हुरड्यात आली का, हे नखाइतकं नेमकं कुणीच सांगत नाही. दाणा सोलायचा आणि नख लावायचं. पांढरी चिळकांडी उडाली तर अजून दूध आहे, थांबा. नख रुतलं, खूण तशीच राहिली आणि बोटाला ओलसर चीक लागला, तर आगटी पेटवा. नख घसरलं की संपलं. ती आता भाकरीची ज्वारी.

आपण मिटक्या मारत खातो ती खरं तर कोंबाची शिदोरी. फलन झालं की भ्रूणाच्या सोबतीनेच भ्रूणपोष, म्हणजे कोंबासाठी अन्न साठवणारा दाण्याचा गर, वाढू लागतो. आधी त्यात नुसती केंद्रकं दुणावत जातात, पेशींच्या भिंती मागाहून पडतात. मग ज्वारीच्या ताटातून येणारी साखर तिथे स्टार्चचे कण होऊन साठते आणि दूध आटल्यासारखं घट्ट होतं. चीक धरेपर्यंत दाण्याचं सुकं वजन जेमतेम निम्मं भरलेलं असतं. साखर थोडी मोकळी, थोडी बांधलेली. हुरड्याची सगळी गंमत या अर्धवटपणात आहे.

घोळ होतो तो कणसामुळे. ज्वारीचं कणीस शेंड्याकडून खाली फुलत येतं, त्याला चार-आठ दिवस लागतात. म्हणून शेंड्याचे दाणे पिठाळ झाले तरी बुडचे दुधातच असतात. घाईने तोडलेलं कणीस चोळलं की बुडचे दाणे फुटून तळहाताला चिकटतात. उशीर केला तर शेंड्याचे दाताखाली कचकचतात. मधल्या दाण्याला नख लावावं, हे बरं. तोडल्यावर मात्र रेंगाळू नये. दाणा श्वास घेतच असतो आणि त्यात साखर खर्ची पडते. गुळभेंडी किंवा फुले उत्तरा हे वाण हुरड्याला का निवडतात? दाणा तुसातून सहज सुटतो म्हणून. तूस फुंकत बसलं की हुरडा गार होतो, आणि गार हुरड्यात राम नाही.

पुढे दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसतो. रसद बंद झाल्याची ती खूण. तेव्हाही दाण्यात शेकडा २५ ते ३५ ओल असते, ती वाळवावी लागते. आतल्या स्टार्चभरल्या पेशी तोवर मेलेल्या असतात. जिवंत उरतो तो बाहेरचा पातळ थर आणि भ्रूण.

हाच टणक दाणा भिजवून मोड आणले, तर काही दिवसांनी चिमटीत दाबल्यावर पुन्हा पांढरं दूध येतं. ते मात्र चाखू नये. ज्वारीच्या कोवळ्या कोंबात सायनाइड सोडणारा घटक असतो. कोवळी ज्वारी खाऊन गुरांना विषबाधा होते ती त्यामुळेच.