बँड तर आला, रिपोर्टात लिहायचं काय?

कल्चर-सेन्सिटिव्हिटीचा (जिवाणू कोणता आणि त्याला कोणतं औषध लागू पडतं हे सांगणारा) रिपोर्ट उशिरा का येतो, हे मायक्रोबायोलॉजीत काम करणाऱ्या प्रत्येकाने फोनवर कधी ना कधी समजावून सांगितलेलं असतं. सॅम्पल प्लेटवर लावलं की ग्रोथ दिसायला एक रात्र जाते. मग त्यातली सुटी कॉलनी उचलायची, सलाइनमध्ये ०.५ मॅकफार्लंड या ठरलेल्या मापाइतका गढूळपणा येईल असं सस्पेन्शन करायचं, म्युलर-हिंटन माध्यमाच्या प्लेटवर पसरायचं, औषध लावलेल्या डिस्क ठेवायच्या आणि पुन्हा सोळा-अठरा तास थांबायचं. रक्ताचं कल्चर असेल तर आधी बाटलीत ग्रोथ यावी लागते, तो वेळ वेगळाच. तोवर वॉर्डात अँटिबायोटिक अंदाजाने चालू असतं, आणि अंदाज चुकला तर ते तिसऱ्या दिवशी कळतं.

म्हणून आम्ही पीसीआर, म्हणजे डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या भरमसाट प्रती काढून तो ओळखायची टेस्ट, सुरू करायचं ठरवलं. मेरोपेनेम, इमिपेनेम ही कार्बापेनेम गटातली औषधं फोडून निकामी करणारी जी एन्झाइम जिवाणूकडे असतात, त्यांचे जीन थेट शोधायचे. ही टेस्ट लॅबमध्ये बसवायचं काम माझ्याकडे आलं. पीसीआर मला येत होती, त्यामुळे काम सोपं वाटलं होतं. खरी कसरत पुढे होती: आलेल्या, आणि न आलेल्या, बँडवरून (जेलमध्ये लांबीनुसार वेगळ्या झालेल्या डीएनएच्या तुकड्यांच्या पट्ट्यांवरून) रिपोर्टात एक ओळ लिहायची.

जीन कोणते शोधायचे यावर फार वाद झाला नाही. क्लेब्सिएला, ई. कोलाय या जिवाणूंच्या घराण्यात जगभर मुख्यतः पाच कार्बापेनेमेज (कार्बापेनेम फोडणारी एन्झाइम) आढळतात: केपीसी, एनडीएम, व्हीआयएम, आयएमपी आणि ऑक्सा-४८. केपीसीचं वर्णन २००१ साली छापून आलं, एनडीएम-१चं २००९ साली. यातले बरेच जीन प्लाझ्मिडवर (जिवाणूतल्या डीएनएच्या सुट्या कड्यांवर) बसलेले असतात, म्हणजे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे, अगदी दुसऱ्या जातीकडेही, जाऊ शकतात. म्हणून एकाच वॉर्डात आज क्लेब्सिएलात दिसलेला जीन उद्या ई. कोलायमध्ये सापडला तर आम्हाला नवल वाटत नाही, काळजी वाटते.

"रेझिस्टंट आहे एवढं डिस्क सांगतेच की, मग जीनचं नाव कशाला हवं?" असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर औषधातच आहे. सेफ्टाझिडिम-अविबॅक्टम हे जोड-औषध घ्या. त्यातलं अविबॅक्टम केपीसीला आणि ऑक्सा-४८ला अडवतं; पण एनडीएम, व्हीआयएम, आयएमपी ही झिंकवर चालणारी एन्झाइम, त्यांच्यापुढे त्याचं काही चालत नाही. उलट अॅझट्रिओनाम हे औषध एनडीएमला फोडता येत नाही. फक्त अशा जिवाणूकडे बहुधा दुसरी बीटा-लॅक्टमेज (या घराण्यातली औषधं फोडणारी एन्झाइम) असतात, ती ते फोडतात, म्हणून त्याच्या जोडीला अविबॅक्टम लागतं. म्हणजे मेरोपेनेमच्या प्लेटवर दोन पेशंटचे जिवाणू हुबेहूब सारखे रेझिस्टंट दिसतील आणि दोघांची औषधं मात्र वेगळी असतील. जीनचं नाव लागतं ते इथे.

डीएनए काढायला आम्ही महागडं किट वापरलं नाही. न्यूक्लिएज-फ्री पाण्यात दोन-चार कॉलन्या मिसळायच्या, ट्यूब हीटिंग ब्लॉकवर दहा मिनिटं ठेवायची, सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी घ्यायचं. झालं. प्लेटवरच्या ताज्या कॉलनीसाठी एवढं पुरतं. स्टूल किंवा रक्तातून थेट करायचं असेल तर ही युक्ती चालत नाही, कारण पित्तातले क्षार, हिमोग्लोबिनमधला हीम, हेपॅरिन हे सगळे डीएनएच्या प्रती काढणाऱ्या पॉलिमरेजला अडवतात.

प्रायमर, म्हणजे कोणत्या जीनच्या प्रती काढायच्या ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे, आम्ही २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आणि तेव्हापासून कितीतरी लॅबमध्ये वापरात असलेल्या संचातले घेतले. एकाच ट्यूबमध्ये पाचही जोड्या टाकता येतात, कारण प्रत्येकीचा तुकडा वेगळ्या लांबीचा निघतो: आयएमपी २३२ बेसपेअर (डीएनएच्या लांबीचं एकक), व्हीआयएम ३९०, ऑक्सा-४८ ४३८, एनडीएम ६२१, केपीसी ७९८. कागदावर हे फारच देखणं दिसतं. जेलवर ३९० आणि ४३८ एकमेकांना इतके चिकटून असतात की एक टक्क्याच्या अॅगरोजवर, घाईत पळवलेल्या जेलमध्ये, दोन्ही एकच वाटावेत. आम्ही दोन टक्क्यांचं जेल ओतायला लागलो, व्होल्टेज उतरवलं, आणि शंभरच्या लॅडरसोबत (लांबी मोजायच्या खुणांसोबत) शेजारच्या खाचेत व्हीआयएम आणि ऑक्सा-४८ या दोन्हींचे कंट्रोल (निकाल आधीच माहीत असलेले नमुने) एकत्र टाकायला लागलो. दोन पट्ट्यांमध्ये काळी फट दिसली तरच जेल वाचायचं, नाही तर अजून पळवायचं. नियम साधा आहे, पण संध्याकाळी घरी जायच्या वेळी पाळायला जड जातो.

माहीत असलेल्या स्ट्रेनवर टेस्ट छान चालली. एटीसीसी या जिवाणू-संग्रहातला बीएए-२१४६ हा एनडीएमसाठी आणि बीएए-१७०५ हा केपीसीसाठी, दोघांचे बँड जागच्या जागी आले. शिवाय प्रत्येक ट्यूबमध्ये १६एस आरआरएनए जीनच्या प्रायमरची एक जोडी टाकली होती. तो जीन प्रत्येक जिवाणूत असतोच, त्यामुळे तोही बँड आला नाही तर सॅम्पल निगेटिव्ह नसतं, टेस्टच फसलेली असते.

आणि मग एका रनमध्ये निगेटिव्ह कंट्रोलच्या खाचेत ६२१वर बँड दिसला. फिकट, पण होता. त्या ट्यूबमध्ये डीएनए नव्हताच, नुसतं पाणी होतं. पीसीआरमध्ये तुकडा दर फेरीला दुप्पट होतो. तीस फेऱ्यांत, हिशोबापुरतं बोलायचं तर, एकाचे शंभर कोटींच्या वर होतात. म्हणजे रन संपल्यावर उघडलेली एक ट्यूब म्हणजे हवेत उडवलेला गुलाल. तो पिपेटवर बसतो, ग्लोव्हजवर बसतो, दाराच्या मुठीवर बसतो आणि पुढच्या रनमध्ये "पॉझिटिव्ह" होऊन परत येतो. तो रन अख्खा रद्द केला. त्यात ज्यांचे बँड झकास आले होते तेही रद्द.

गळती नेमकी कुठून झाली ते शोधताना आधी अॅलिकट (छोट्या ट्यूबमध्ये वाटून ठेवलेलं साहित्य) बदलले: पाणी नवं, मग मास्टर मिक्स (पीसीआरचं मिश्रण) नवा, मग प्रायमर नवे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर सुटलं तरी कशाने सुटलं ते कळत नाही. प्रायमरचे अॅलिकट बदलल्यावर खाच स्वच्छ झाली. पण एवढ्यावर थांबून उपयोग नव्हता, कारण मिक्स बनवायचं टेबल आणि जेल पळवायचं टेबल एकाच खोलीत होतं. जागा मिळवायला जेवढा पत्रव्यवहार झाला तेवढा यंत्रासाठीही झाला नव्हता. आता मिक्स एका खोलीत बनतो, डीएनए दुसरीत मिसळला जातो, जेल तिसरीत. माणूस, एप्रन, पिपेट सगळे एकाच दिशेने जातात, उलटं कोणी यायचं नाही. फिल्टर टिप, टेबल पुसायला ब्लीच, रात्री यूव्ही. कोणत्याही लॅबमध्ये ही टेस्ट बघायला गेले तर मी आधी दारं मोजते, यंत्राची कंपनी नंतर विचारते.

यानंतर पडताळणी. साठवून ठेवलेले जुने आयसोलेट (पेशंटच्या सॅम्पलमधून वेगळे केलेले जिवाणू) काढले, ज्यांचे डिस्कचे निकाल हाताशी होते, आणि दोन्ही बाजू जुळतात का ते पाहिलं. बहुतेक जुळले. अडलं ते न जुळणाऱ्यांवर, आणि मला विचाराल तर खरं शिक्षण तिथेच झालं.

काही क्लेब्सिएला मेरोपेनेमला ठणठणीत रेझिस्टंट, पण पाचांपैकी एकही बँड नाही. १६एस व्यवस्थित आलेला, म्हणजे टेस्ट फसलेली नव्हती. मग एमसीआयएम लावली. ही टेस्ट मला फार आवडते, कारण तिला जीनचं नावगाव काही विचारायचं नसतं. जिवाणूच्या सस्पेन्शनमध्ये मेरोपेनेमची डिस्क चार तास बुडवून ठेवायची, मग ती काढून साध्या, सेन्सिटिव्ह ई. कोलायच्या प्लेटवर ठेवायची. जिवाणूने औषध फोडून टाकलं असेल तर डिस्कमध्ये काही उरत नाही आणि ई. कोलाय तिच्या अगदी जवळपर्यंत वाढतो. औषध शाबूत असेल तर डिस्कभोवती एकोणीस मिलिमीटर किंवा त्याहून मोठा झोन (वाढ नसलेलं वर्तुळ) पडतो. आमच्या या आयसोलेटच्या डिस्कभोवती मोठे, स्वच्छ झोन पडले. म्हणजे औषध फोडणारं एन्झाइमच तिथे नव्हतं. अशा जिवाणूत बहुतेक वेळा बाहेरच्या आवरणातली पोरिन या प्रथिनांची दारं बंद झालेली असतात किंवा गळून गेलेली असतात, आणि जे थोडंफार औषध आत शिरतं त्याचा बंदोबस्त ईएसबीएल किंवा अॅम्पसी ही दुसरी बीटा-लॅक्टमेज करतात. पाच जीनच्या पीसीआरला हे दिसणं शक्यच नाही.

उलटी तऱ्हाही दिसली. ऑक्सा-४८चा बँड स्पष्ट, आणि मेरोपेनेमचा झोन सेन्सिटिव्हच्या हद्दीत. रन पुन्हा लावला, नव्या कॉलनीतून डीएनए काढून लावला, बँड कायम. ऑक्सा-४८ कार्बापेनेमला तसं सावकाश फोडतं, त्यामुळे एकट्याच्या बळावर ते कधीकधी डिस्कवर ओळखू येत नाही. डिस्कवर विसंबून राहिलो असतो तर हा पेशंट कार्बापेनेमेजवाल्यांच्या यादीत आलाच नसता.

हे सगळं घेऊन इन्फेक्शन कंट्रोलच्या बैठकीत बसलो तेव्हा पहिली मागणी अपेक्षित होती तीच आली: "डिटेक्टेड म्हणजे रेझिस्टंट, नॉट डिटेक्टेड म्हणजे सेन्सिटिव्ह, एवढं सुटसुटीत लिहा." वॉर्डातल्या माणसाला रात्री दोन वाजता निबंध वाचायला वेळ नसतो, हे मला मान्य आहे. पण "नॉट डिटेक्टेड"च्या पुढे सेन्सिटिव्ह लिहायला मी ठाम नकार दिला. टीबीच्या तपासणीतही हेच घडलेलं आहे. जीनएक्सपर्टची एमटीबी-रिफ टेस्ट आरपीओबी जीनच्या ८१ बेसपेअरच्या पट्ट्यात म्युटेशन शोधते आणि दोनेक तासांत रिफॅम्पिसिनबद्दल सांगते. रेझिस्टन्स देणारी बहुतेक म्युटेशन त्याच पट्ट्यात असतात. पण आय४९१एफ हे म्युटेशन पट्ट्याच्या बाहेर आहे. ते असलेला टीबी त्या टेस्टला सेन्सिटिव्ह वाटतो. एमआरएसएचंही (मेथिसिलिनला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकसचंही) तसंच: २०११ साली एमईसीसी नावाचा वेगळा जीन समोर आला, आणि फक्त नेहमीचा एमईसीए जीन शोधणाऱ्या प्रायमरना तो पकडता येत नव्हता.

बऱ्याच खाडाखोडीनंतर ठरलेला मजकूर असा. बँड आला तर: "एनडीएम जीन आढळला. मेरोपेनेम, इमिपेनेम टाळावे. पूर्ण सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट मागाहून." ऑक्सा-४८साठी अविबॅक्टमच्या जोडीची एक ओळ जास्त. बँड नाही आला तर: "तपासलेल्या पाच जीनपैकी एकही आढळला नाही. यावरून कार्बापेनेम लागू पडेल असे समजू नये. डिस्कचा निकाल उद्या." हे "समजू नये" ठळक छापावं यासाठी मला जरा भांडावं लागलं.

एनडीएमचा उपप्रकार कोणता, एनडीएम-१ की एनडीएम-५, हे आमचा बँड सांगत नाही. दोन्हींचा तुकडा तेवढाच. उपचारात त्याने फरक पडत नाही म्हणून रिपोर्टात ते आम्ही लिहीत नाही. एकाच वॉर्डातून लागोपाठ तसेच आयसोलेट आले तरच सिक्वेन्सिंगला (डीएनएची अक्षरं वाचायला) पाठवतो, आणि तिथेही लाँग रीड (लांब तुकड्यांचं वाचन) मागून घेतो. दीडशे बेसच्या छोट्या रीडमधून जीन सापडतो, पण त्याच्या आजूबाजूला पुन्हापुन्हा येणारे सारखे तुकडे असल्यामुळे तो नेमक्या कोणत्या प्लाझ्मिडवर बसलाय हे जुळवता येत नाही, आणि एका पेशंटकडून दुसऱ्याकडे काय गेलं हे शोधताना नेमकं तेच हवं असतं.

सध्या गाडी अडली आहे ती रेक्टल (गुदद्वारातून घेतलेल्या) स्वॅबवर. स्वॅबमधून थेट केलेल्या टेस्टला जीन सापडतो, कल्चरमध्ये मात्र काहीच वाढत नाही, असं अधूनमधून होतं. जिवाणू मेलेला असेल, फार थोडा असेल, किंवा आम्ही शोधत नव्हतो अशा भलत्याच जातीत तो जीन असेल. अशा पेशंटला वेगळं ठेवायचं, पण त्यावरून अँटिबायोटिक सुरू करायचं नाही, एवढं ठरलंय. वेगळं किती दिवस ठेवायचं, यावर पुढच्या बैठकीत वाद होणार आहे, आणि पेशंटच्या नातेवाइकांना ते कोणी समजवायचं यावर त्याहून मोठा.