तुम्ही विचारलंत म्हणून: कडुलिंब असताना अँटिबायोटिक कशाला?

"डॉक्टर, कडुलिंबाने जंतू मरतात ना? मग या गोळ्या कशाला?" दाताच्या दवाखान्यात मला हे वरचेवर विचारलं जातं. स्टेशनबाहेरून दातणाची जुडी नेणारे आजोबा विचारतात, तसे मोबाइलवर अहवाल उघडून दाखवणारे तरुणही.

जंतू मरतात, हे खरंच आहे. कडुलिंब, त्रिफळा, पेरूची पानं यांचे अर्क प्रयोगशाळेत दात किडवणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्सची वाढ रोखतात. लवंगेतलं युजेनॉल तर आम्ही रोज वापरतो. झिंक ऑक्साइडमध्ये ते कालवून तात्पुरतं सिमेंट भरतो. दवाखान्यात शिरल्या शिरल्या येतो तो वास त्याचाच.

पण प्रयोगशाळेतल्या बशीत अर्क तासन्‌तास जंतूंना लागून राहतो. तोंडात मात्र चूळ थुंकली की उरलासुरला अर्क लाळ धुऊन नेते. शिवाय दातावरचे जंतू सुटे नसतात. स्वतःच तयार केलेल्या चिकट थरात ते दडून बसतात, आणि तिथे त्यांना मारायला कित्येक पट जास्त औषध लागतं. तो थर आधी ब्रशने निघायला हवा. आणखी एक: अर्क अल्कोहोलमध्ये काढला असेल, तर जंतू पानांनी मारले की अल्कोहोलने? नुसत्या अल्कोहोलशी तुलना केलेली नसेल, तर तो अहवाल मी बाजूला ठेवते.

हिरड्यांच्या बाबतीत मात्र मला मनापासून आशा वाटते. क्लोरहेक्सिडीन हे चुळा भरायचं जंतुनाशक औषध बरेच दिवस वापरलं की दात तपकिरी पडतात, चव जाते. त्रिफळ्याच्या चुळांनी दातांवरचा थर त्याच्याइतकाच कमी झाल्याचं काही चाचण्यांत दिसलं आहे. प्रत्येक बाटलीत अर्काचं प्रमाण सारखं राखून मोठ्या चाचण्या व्हायला हव्यात. (मिश्रीला कृपा करून या यादीत बसवू नका. ती भाजलेली तंबाखू आहे, आणि तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो.)

आता गोळ्यांचं. कीड आतल्या नसेपर्यंत जाऊन मुळाशी पू झाला असेल, तर तिथे लवंगतेल पोचत नाही, आणि नुसत्या अँटिबायोटिकनेही तो दात बरा होत नाही. दात उघडून रूट कॅनाल तरी करावं लागतं, नाहीतर तो काढावा लागतो. लवंगेने ठणका थांबतो, माणूस निर्धास्त होतो आणि आत पू वाढत राहतो. मला भीती याचीच वाटते. वर निखळ तेलाचा बोळा रात्रभर धरून ठेवला, तर हिरडी भाजते ती वेगळीच.

गाल किंवा जबड्याखालचा भाग सुजला, तोंड उघडेना, तर त्याच दिवशी दाखवा. खर्चाची अडचण असेल तर मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय आहे, सीएसएमटीजवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे. गिळता येईना किंवा श्वास घ्यायला जड जाऊ लागलं, तर रात्र असली तरी थेट मोठ्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठा.