काउंटेस मार्कीविच यांच्या मागावर: डब्लिन ते लिसाडेल

डब्लिनमध्ये ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १९१६ च्या उठावाच्या खुणा दाखवत पायी फिरवणाऱ्या सहली ढीगभर आहेत. त्या सगळ्यांत उठावात लढलेल्या काउंटेस कॉन्स्टन्स मार्कीविच हमखास येतात. हातात पिस्तूल, डोक्यावर पिसांची हॅट, असा एक फोटो दाखवतात, मंडळी हसतात आणि गाईड पुढच्या कोपऱ्याकडे वळतो. आम्ही घेतलेल्या सहलीतही तेच झालं. बाई उठावानंतर अकरा वर्षं जगल्या, त्या काळात चारचौघांना झेपणार नाही एवढं राजकारण त्यांनी केलं, पण त्याबद्दल अवाक्षर नाही. म्हणून मी आणि माझी नणंद (ती बरीच वर्षं डब्लिनमध्येच नोकरी करते) आम्ही त्यांची कारकीर्द धरून आमचाच मार्ग आखला. तुम्हाला तसं करायचं असेल तर डब्लिनसाठी दोन दिवस आणि स्लायगोसाठी एक पूर्ण दिवस ठेवा. त्याहून कमी वेळात हे उरकत नाही.

सुरुवात लिफी नदीच्या काठावरच्या लिबर्टी हॉलपासून करा. आत्ता दिसते ती काचेची सोळा मजली इमारत १९६० च्या दशकातली आहे. जुनी इमारत १९१६ मध्ये ब्रिटिश तोफांनी उडवली. पण जागा तीच आणि आजही ती कामगार संघटनेचीच. १९१३ मध्ये डब्लिनच्या मालकांनी संघटनेत गेलेल्या कामगारांना कामावरून बाहेर ठेवलं, महिनोन्‌महिने टाळेबंदी चालली, तेव्हा इथल्या तळघरात गरिबांसाठी स्वयंपाकघर सुरू झालं. स्लायगोच्या बड्या जमीनदाराची मुलगी, व्हिक्टोरिया राणीच्या दरबारात मुजरा करून आलेली, पॅरिसमध्ये चित्रकला शिकलेली, पोलिश काउंटशी लग्न केलेली ही बाई तिथे बाह्या सरसावून रांधायला आणि वाढायला उभी राहिली. माझ्या मते त्यांचं राजकारण समजायला पिस्तुलापेक्षा हे तळघर जास्त उपयोगी आहे. कामगार पुढारी जेम्स कॉनली यांच्याशी त्यांची राजकीय गट्टी जमली ती इथेच. आत जाऊन बघण्यासारखं काही नाही. समोर रेल्वेपुलाखाली कॉनलींचा पुतळा आहे, तो बघा आणि नदी ओलांडा.

पलीकडे टाउनसेंड स्ट्रीटवर मार्कीविचबाईंचा कुत्र्यासकट पुतळा आहे. कुत्र्याचं नाव पॉपेट, आणि हा पॉपेट सभांनाही बरोबर असायचा म्हणे. त्या भागात मेट्रोचं काम व्हायचं आहे, तेव्हा जाण्याआधी एकदा चौकशी करा.

तिथून डॉसन स्ट्रीटने सेंट स्टीफन्स ग्रीनकडे निघालात की डाव्या हाताला मॅन्शन हाउस लागतं. महापौरांचं निवासस्थान असल्यामुळे एरवी आत सोडत नाहीत, पण बाहेर दोन मिनिटं थांबा. डिसेंबर १९१८ च्या निवडणुकीत स्वातंत्र्यवादी शिन फेन पक्षाने आयर्लंडच्या १०५ पैकी ७३ जागा जिंकल्या. त्यात डब्लिनच्या सेंट पॅट्रिक्स मतदारसंघातून मार्कीविच निवडून आल्या. ब्रिटिश संसदेवर निवडून आलेली ही पहिली स्त्री, आणि निकाल लागला तेव्हा बाई लंडनच्या हॉलोवे तुरुंगात! शिन फेनचे लोक लंडनच्या संसदेत बसणार नव्हतेच. त्यांनी २१ जानेवारी १९१९ ला याच मॅन्शन हाउसमध्ये स्वतःची संसद भरवली, तीच डॉल. हजेरी घेताना तुरुंगातल्या सभासदांचं नाव आलं की उत्तर मिळे, ‘परक्यांच्या कैदेत’. मार्कीविच त्यांतल्याच एक. वेस्टमिन्स्टरमध्ये प्रत्यक्ष बसलेली पहिली स्त्री म्हणून नॅन्सी ॲस्टर यांचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, निवडून आलेली पहिली कोण हे विचारलं की भलेभले अडखळतात.

स्टीफन्स ग्रीन ही बाग म्हणजे या मार्गाचं मुख्य ठिकाण. तिथे घाई करू नका. २४ एप्रिल १९१६, ईस्टरचा सोमवार. मायकल मॅलिन यांच्या हाताखाली सिटिझन आर्मी या कामगारांच्या सशस्त्र दलाची तुकडी बागेत शिरली, त्यात मार्कीविच दुय्यम अधिकारी. त्यांनी बागेत खंदक खणले. आता बागेच्या कडेला उभं राहून मान वर करून बघा: शेलबर्न हॉटेलसारख्या उंच इमारती चारही बाजूंनी डोकावताहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रिटिशांनी त्या हॉटेलातून मशिनगन चालवली आणि खंदकातल्या लोकांना पश्चिमेच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या इमारतीत पळावं लागलं. लष्करी दृष्ट्या ही जागा निवडणं म्हणजे शुद्ध वेडेपणा होता, हे कळायला सैन्यात असावं लागत नाही, बागेतल्या बाकावर बसलं तरी पुरतं.

त्या गोळीबारातही रोज थोडा वेळ दोन्ही बाजू थांबत, कारण बागेचा रखवालदार जेम्स कर्नी तळ्यातल्या बदकांना खायला घालायला जाई. तळं अजून आहे, बदकंही आहेत. बागेत मार्कीविच यांचा अर्धपुतळा आहे. झाडीत पटकन दिसत नाही, दारावरच्या नकाशात बघून घ्या.

एक गोष्ट पुतळ्याजवळ कुणी सांगत नाही. उठावाच्या पहिल्याच दिवशी इथे मायकल लाहिफ नावाचा निःशस्त्र पोलीस शिपाई गोळी लागून मेला. गोळी मार्कीविच यांनीच झाडली, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. इतिहासकारांत त्यावर वाद आहे, त्या वेळी त्या तिथे पोचल्याच नव्हत्या असंही काही जण दाखवून देतात. बाईंबद्दल प्रेम असो वा राग, शिपायाचं नाव माहीत असलेलं बरं.

सर्जन्स कॉलेजच्या दर्शनी खांबांवर गोळ्यांच्या खळग्या अजून दिसतात. बोट आत जाईल एवढ्या खोल आहेत. ट्राम अगदी समोरून जाते, फोटोच्या नादात रुळावर उभे राहू नका. शरणागतीच्या वेळी मार्कीविच यांनी पिस्तुलाचं चुंबन घेऊन ते ब्रिटिश अधिकाऱ्याच्या हातात दिलं. तो अधिकारी व्हीलर, बायकोकडून त्यांच्या नात्यातलाच! त्याने मोटारीतून नेतो म्हटलं, तर बाई म्हणाल्या, माझ्या माणसांबरोबर चालत येईन.

इथे आपल्याकडची एक आठवण येतेच. त्याच एप्रिल १९१६ मध्ये बेळगावला टिळकांनी होमरूल लीग काढली. ‘होमरूल’ ही मागणी मूळची आयर्लंडची, पण आपण ती उचलली त्याच महिन्यात डब्लिनमधल्या या मंडळींनी ती पाठीमागे टाकून थेट प्रजासत्ताक पुकारलं होतं.

बागेच्या दक्षिणेला अर्ल्सफर्ट टेरेसवर नॅशनल कॉन्सर्ट हॉल आहे. पूर्वी हे विद्यापीठ होतं आणि इंग्लंडशी झालेल्या तहावर (त्यात पूर्ण प्रजासत्ताक नव्हतं, ब्रिटिश राजाखालचं स्वराज्य होतं) डॉलमध्ये झालेली कडाक्याची चर्चा इथेच झाली. ७ जानेवारी १९२२ ला ६४ विरुद्ध ५७ मतांनी तह मंजूर झाला. मार्कीविच कट्टर विरोधात. तोवर त्या १९१९ पासून मजूर खात्याच्या मंत्री होत्या. युरोपात त्यांच्याआधी मंत्री झालेल्या स्त्रियांतलं ठळक नाव म्हणजे रशियाच्या अलेक्झांड्रा कोलोन्ताय. हे खातं चालायचं ब्रिटिशांपासून लपूनछपून, आणि मंत्रीणबाई मधूनमधून तुरुंगात. १९२१ मध्ये मंत्रिमंडळ आटोपशीर केलं तेव्हा त्यांचं खातं मंत्रिमंडळाबाहेर गेलं. त्यानंतर आयर्लंडच्या मंत्रिमंडळात दुसरी स्त्री आली ती थेट १९७९ मध्ये. प्रजासत्ताकाच्या जाहीरनाम्यात स्त्री-पुरुषांना समान हक्क लिहून ठेवणाऱ्या देशाला हे शोभणारं नाही, आणि कुठल्याच फलकावर ते सापडत नाही.

दुसरा दिवस किल्मेनम तुरुंगाचा. तिकीट फक्त ऑनलाइन, साधारण २८ दिवस आधी खुलं होतं आणि हां हां म्हणता संपतं. व्हिसा हातात आला की आधी हे तिकीट काढा, मग हॉटेल. नाही मिळालं तर त्याच दिवशी सकाळी सव्वानऊच्या सुमारास रद्द झालेली तिकिटं संकेतस्थळावर येतात, मोबाइल हातात धरून बसा. गाईडशिवाय आत सोडत नाहीत, फेरी तासाभराची. आत उन्हाळ्यातही गारठा असतो, स्वेटर न्या. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर जिने आणि ओबडधोबड फरशी आहे हे लक्षात ठेवा.

दगडफोडीच्या अंगणात दोन काळे क्रूस आहेत. ३ ते १२ मे १९१६ दरम्यान इथे चौदा जणांना गोळ्या घातल्या. एका टोकाला तेरा, आणि फाटकाजवळच्या दुसऱ्या टोकाला एकटे कॉनली. जखमी होते, उभं राहता येईना, म्हणून त्यांना खुर्चीला बांधून मारलं. मार्कीविच त्या दिवसांत याच तुरुंगात होत्या, पहाटेचे बार त्यांना कोठडीत ऐकू येत. त्यांनाही मृत्युदंडच झाला होता, पण केवळ स्त्री म्हणून तो जन्मठेपेवर आला. १९१७ च्या जूनमध्ये सर्वांबरोबर सुटका झाली. अंगणात गाईड बोलत असताना आमच्या गटातलं कुणी कॅमेरा काढला नाही. बाहेर संग्रहालय आहे, त्यासाठी वेगळा तास ठेवा.

दुपारी ग्लासनेव्हिन दफनभूमी. शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे, बस बदलावी लागते. डब्लिनच्या बसमध्ये रोख दिलीत तर नेमकी चिल्लर लागते, सुट्टे परत मिळत नाहीत. विमानतळावरच लीप कार्ड घ्या. त्यावर ठरावीक वेळेत बस-ट्राम बदलली तरी भाडं एकदाच कापलं जातं. दफनभूमीत शिरायला पैसे नाहीत, गाईड हवा असेल तर आहेत, आणि तो घ्याच. एवढ्या थडग्यांत एकट्याने शोधणं कठीण.

मार्कीविच रिपब्लिकन प्लॉटमध्ये आहेत. शेवटची वर्षं दैना होती. तहावरून पेटलेल्या यादवी युद्धात हरलेल्या बाजूला, पुन्हा तुरुंग, उपोषण. १९२६ मध्ये तहविरोधी नेते डी व्हॅलेरांनी फिअना फॉल पक्ष काढला तेव्हा त्या बरोबर गेल्या. कोळशाच्या टंचाईत स्वतःच्या गाडीतून गरिबांच्या घरी सरपण पोचवायच्या, गाडीचं हँडल मारताना हात मोडून घेतला. जून १९२७ च्या निवडणुकीत निवडून आल्या आणि १५ जुलैला हॉस्पिटलच्या सर्वसामान्य वॉर्डात वारल्या. त्यांच्याच आग्रहावरून तो वॉर्ड घेतला होता. पक्ष डॉलमध्ये जाऊन बसला तो पुढच्या महिन्यात. सरकारने शासकीय इतमाम नाकारला, पण रस्त्यावर गरिबांची रीघ लागली. थडग्यावरचं भाषण डी व्हॅलेरांचं. तेही आता इथेच, जरा पलीकडे आहेत. भिंतीला लागून १८३३ पासूनचा पब आहे, लोक त्याला ‘ग्रेव्हडिगर्स’ म्हणतात. दारू घेत नसलात तरी दमल्यावर टेकायला बरा.

स्लायगोची गाडी डब्लिनच्या कॉनली स्टेशनवरून सुटते आणि स्लायगोच्या मॅकडिअर्मडा स्टेशनला पोचते. १२ मे १९१६ ला किल्मेनममध्ये सगळ्यांत शेवटी मारले गेलेले दोघे म्हणजे जेम्स कॉनली आणि शॉन मॅकडिअर्मडा. तिकिटावर ही दोन नावं शेजारी शेजारी छापलेली बघून अंगावर काटा येतो. प्रवास तीन तासांच्या वर. आधी ऑनलाइन काढलं तर स्वस्त पडतं. डबा बरोबर ठेवा, शाकाहाऱ्यांनी तर नक्कीच.

स्टेशनवरून लिसाडेलला, म्हणजे मार्कीविच यांच्या माहेरच्या वाड्याला, जायला टॅक्सी ठरवा किंवा गाडी भाड्याने घ्या. रस्ते आपल्यासारखे डावीकडूनच, पण आतले अरुंद आहेत. टॅक्सीवाल्याशी परतीची वेळ आधीच बोलून ठेवा, तिथे उभ्या उभ्या गाडी मिळत नाही. वाटेत ड्रमक्लिफला बहुतेक लोक कवी येट्स यांच्या थडग्यासाठी उतरतात. मार्कीविच यांच्या मागावर असाल तर ड्रमक्लिफचं महत्त्व निराळं: १८९६ मध्ये कॉन्स्टन्स आणि बहीण ईव्हा यांनी स्त्रियांच्या मताधिकारासाठी सभा घेतली ती या गावात. त्यांच्या राजकारणाची सुरुवात ही.

लिसाडेल हाउस बाहेरून रुक्ष, करड्या दगडाचं आहे. मी तर पहिल्या नजरेत निराश झाले. पण जेवणघरात चला. भिंतीतल्या खांबांवर काउंट कासिमिर मार्कीविच यांनी घरच्या नोकरमाणसांची उभी चित्रं रंगवली आहेत: खानसामा, शिकारखान्याचा माणूस, वनरक्षक. माणसं खांबाच्या मापाची, लांबुडकी झाली आहेत. जमीनदाराच्या जेवणाच्या टेबलाभोवती नोकरांच्याच तसबिरी! खिडकीतून एका बाजूला समुद्र, मागे बेन बुल्बेनचा सपाट माथा.

हे घर खासगी मालकीचं आहे, फक्त हंगामात उघडतं आणि कधी कधी कार्यक्रमांसाठी बंद असतं. आधी त्यांच्या तारखा बघा, मगच रेल्वेचं तिकीट काढा. छत्री आणू नका, वाऱ्यात उलटी होते. टोपीचा रेनकोट आणा. आणि व्हिसाचं: आयर्लंड शेंगेनमध्ये नाही, शेंगेनचा व्हिसा चालत नाही. ब्रिटनचा व्हिसा असेल तर त्यावर ‘बीआयव्हीएस’ हा शेरा आहे का बघा. शेरा असेल तर आधी ब्रिटनमध्ये उतरून त्याच व्हिसावर इकडे येता येतं, नसेल तर आयर्लंडचा वेगळा काढावा लागतो.