साडेसतराशेचे पॅड

परतवाड्यात गॅरेज असलं की पावसाळ्यात ब्रेकची कामं शोधावी लागत नाहीत. चिखलदरा समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरवर आणि परतवाडा चारशेच्या आत. मधला सातशे मीटरचा उतार गाडीला तीसेक किलोमीटरमध्ये उतरायचा असतो. जुलै-ऑगस्टच्या रविवारी संध्याकाळी जळक्या ब्रेकचा वास घेऊनच गाड्या खाली येतात. बहुतेक वेळा चूक चालवणाऱ्याची असते. ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे एसटीच्या ड्रायव्हरला सांगावं लागत नाही. फिरायला आलेला माणूस मात्र डिझेल वाचवायला न्यूट्रल करतो आणि सगळा भार ब्रेकवर टाकतो. अशा गाडीचं मला दुःख होत नाही. पॅड बदलतो, चार शब्द सुनावतो, गाडी सोडतो.

सरांची गाडी तशी नव्हती, म्हणून ती अजून डोक्यातून जात नाही.

सरांनी मला जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला शिकवलं. आता रिटायर आहेत, थोडा संत्र्याचा बगीचा आहे आणि एक डिझायर. २०२५ च्या मे महिन्यात ते गाडी सर्व्हिसिंगला घेऊन आले. पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड तीन मिलिमीटरच्या खाली गेले होते. नेहमीसारखे मी तीन भाव सांगितले. लोकल साडेपाचशे, नावाजलेल्या कारखान्याचे अकराशे, कंपनीच्या डब्यातले साडेसतराशे.

"सर, मधले घ्या," मी म्हटलं.

"नाही रे. गाडीत नातू बसते माह्या. ब्रेकमंधी पैसे नाही वाचवाचे. कंपनीचेच टाक."

मधले घ्या असं मी सगळ्यांनाच सांगतो, त्याला कारण आहे. गाड्या बनवणाऱ्या कंपन्या ब्रेक पॅड स्वतः बनवत नाहीत. राणे, ब्रेक्स इंडिया यांच्यासारखे कारखाने गाडीवाल्यांना माल देतात आणि तसलाच माल स्वतःच्या नावानं बाजारातही विकतात. डब्यावरच्या छाप्यापायी साडेसहाशे रुपये जास्त का द्यायचे? एअर फिल्टर, वायपर, एसीचा फिल्टर यांत तर मी कधीच कंपनीचा आग्रह धरत नाही. ऑइल फिल्टरमध्ये धरतो. एकदा हॅक्सॉनं दोन फिल्टर उभे कापून गॅरेजच्या भिंतीला टांगलेत. चांगल्यातला कागद दाट घड्यांचा आहे आणि तेल परत खाली उतरू नये म्हणून आत रबराची चकती आहे. शंभर रुपयेवाल्यात घड्या निम्म्या आणि चकती इतकी कडक की बोटानं दाबली तर हलत नाही. असा फिल्टर लावला की रोज सकाळी इंजिन पहिले काही सेकंद तेलाविना फिरतं, आणि हे मालकाला कधीच कळत नाही.

पण सरांना कंपनीचेच हवे होते आणि माझ्याकडे ते नव्हते. ज्या ठोकवाल्याकडून मी आठ वर्षं माल घेतो त्याला फोन केला. दुसऱ्या दिवशी एसटीच्या पार्सलनं डबा आला. रंग, छापा, चकाकणारं स्टिकर, सगळं जागच्या जागी. बिल कच्चं होतं. तेव्हा या मालावर २८ टक्के जीएसटी होता आणि पक्कं बिल मागितलं की ठोकवाल्याचा आवाज बदलायचा. मी डबा फाडला आणि पॅड बसवले. ब्रेक ऑइलही नवं, डॉट ४ दर्जाचं भरलं. सर समाधानानं गेले.

अडीच महिने काहीच तक्रार नाही. सरांची गाडी बगीचा, बँक आणि बाजार यांपलीकडे जात नाही. सपाट रस्त्यावर साडेपाचशेचा पॅड आणि साडेसतराशेचा पॅड सारखेच थांबतात, हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात घातक सत्य आहे.

पंधरा ऑगस्टला लागून शनिवार-रविवार आला. रविवारी चारच्या सुमारास सरांचा फोन आला. आवाज बारीक होता. "घाटात हाओ. ब्रेक गेले. कोणाले काही नाही झालं, पन तू ये."

मी आणि हाताखालचा पोरगा ओम्नी घेऊन निघालो. पाऊस भुरभुर होता आणि धुकं रस्त्यावर उतरलं होतं. मोथा गावाच्या खाली एका वळणाला गाडी डोंगराच्या बाजूच्या नालीत कलंडून उभी होती, मागच्या चाकाला दगड लावलेले. सून नातवाला कडेवर घेऊन छत्रीत उभी. सरांचा मुलगा चालवत होता. त्याला दोन-तीनदा विचारलं. दुसऱ्या गिअरमध्येच होता, आणि गाडीकडे पाहून ते खरं वाटत होतं. आधी पेडल दगडासारखं कडक झालं, पण गाडी थांबेना. मग खालून टण्ण आवाज झाला आणि पेडल खोल गेलं. त्यानं हँडब्रेक ओढला, पहिला गिअर टाकला आणि दरीच्या ऐवजी डोंगराकडे स्टिअरिंग वळवलं. हे त्याला कोणी शिकवलं होतं कोण जाणे, पण त्यानं केलं.

डावं चाक काढलं. चाकाचे नट रुमालातूनही पोळत होते. डिस्क निळी पडली होती. कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, सोडवला आणि आतल्या बाजूचा पॅड हातात आला तो नुसता लोखंडी पत्रा. त्यावरचा मसाला, म्हणजे जो भाग डिस्कला घासून गाडी थांबवतो तो, पत्र्यावरून अख्खाच्या अख्खा सुटून पडला होता. झिजलेला नव्हता. साबणाची वडी ओल्या बशीवरून सरकावी तसा सरकलेला. पत्र्यावर गोंदाचा जळका तपकिरी डाग राहिला होता. पोरगा टॉर्च धरून उभा होता, तो म्हणाला, "दादा, हे तं आपनच टाकलेले."

मी काही बोललो नाही. दोष ब्रेक ऑइलवर ढकलता आला असता तर मी ढकलला असता, हे कबूल करतो. पाणी मुरलेलं डॉट ३ असेल तर ते १४० अंशांना उकळू लागतं, नळीत वाफ भरते आणि पेडल पोकळ होतं. पण मे महिन्यात भरलेलं डॉट ४ नवं असताना २३० अंशांपर्यंत धीर धरतं, आणि अडीच महिन्यांत त्यात एवढं पाणी मुरत नाही. वाटीत काढून पाहिलं, स्वच्छ होतं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं नाही. अमरावतीला कंपनीच्या शोरूममध्ये गेलो, त्याच पार्ट नंबरचे पॅड पक्क्या बिलावर घेतले आणि संध्याकाळी बाकड्यावर मसाला सुटलेला, खरा आणि मधल्या भावाचा असे तिन्ही पॅड शेजारी ठेवले.

खऱ्याच्या पत्र्याला आरपार भोकं आहेत. मसाला दाबताना तो त्या भोकांत उतरतो आणि घट्ट धरून बसतो. डुप्लिकेटचा पत्रा सपाट, सगळा भरवसा गोंदावर. खऱ्याच्या पाठीवर बॅच नंबर आणि दोन इंग्रजी अक्षरं आहेत. पहिलं अक्षर थंड ब्रेकची पकड सांगतं, दुसरं तापलेल्या ब्रेकची. एफ म्हणजे घर्षणांक, म्हणजे पकडीचं माप, ०.३५ ते ०.४५. दोन्ही अक्षरं सारखी असली तर तो पॅड तापल्यावरही फारसा बदलत नाही. मधल्या भावाच्या पॅडवरही ती होती. डुप्लिकेटवर नुसता काळा रंग, आणि रंगाखाली काहीच नाही. मे महिन्यात काढून ठेवलेल्या रिकाम्या डब्यावरचं स्टिकर नखानं खरवडलं तर त्याची चकाकी निघून आली. खऱ्यावरची नाही निघाली.

म्हणजे पाच मिनिटं दिली असती तर मे महिन्यातच कळलं असतं. लोकल पॅड मी नेहमी उलटून-पालटून बघतो, कारण त्याच्यावर माझा विश्वास नसतो. मधलेही बघतो. कंपनीचा डबा म्हटल्यावर बघितलं नाही. जो माणूस सगळ्यात जास्त पैसे मोजायला तयार झाला, त्याचाच माल मी तपासला नाही. रात्री पडल्यावर हेच परत परत येतं.

ठोकवाल्याला फोन केला. त्याचं पहिलं वाक्य, "बिल आहे का?" त्याला ठाऊक होतं बिल कच्चं आहे. ट्रेडमार्क कायद्यात अशा मालाला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे. तक्रार करायला गेलं तर पहिला प्रश्न मलाच विचारला जाणार, की कच्च्या बिलावर माल का घेतलास. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून सगळ्या स्पेअर पार्टवर सरसकट १८ टक्के जीएसटी झाला. पक्क्या बिलाचा भार थोडा हलका झाला, पण गावोगावच्या गॅरेजला कच्च्या मालाची सवय टक्क्यांनी लागलेली नाही, ती उधारीनं लागली आहे. कच्चा माल देणारा दोन महिने पैसे मागत नाही. शोरूमवाला काउंटरवरच मागतो. संत्र्याचे पैसे हातात आल्याशिवाय आमचं गिऱ्हाईक आम्हाला देत नाही, मग आम्ही कुठून देणार?

सरांकडे मी त्याच आठवड्यात गेलो. पॅडचे, डिस्कचे आणि गाडी खाली आणायचे सगळे पैसे टेबलावर ठेवले. त्यांनी डिस्कचे तेवढे घेतले. रागावले नाहीत. चहा आला. मग एवढंच विचारलं, "तू पाह्यले नव्हते काय टाकाच्या आधी?"

"नाही सर."

त्यांनी मान हलवली. वर्गात चुकीचं उत्तर दिल्यावर हलवायचे तशीच.

दिवाळीच्या आधी गाडी परत सर्व्हिसिंगला आली. मला वाटलं होतं आता ते दुसरीकडे नेतील. सरांनी डिकीतून पिशवी काढली. ऑइल फिल्टर, एअर फिल्टर आणि मागच्या चाकांचे ब्रेक लायनर, सगळं अमरावतीच्या शोरूममधून स्वतः जाऊन आणलेलं, वर पक्कं बिल स्टेपल केलेलं. एअर फिल्टर इथं अर्ध्या भावात चांगला मिळाला असता, पण ते मी बोललो नाही.

"बसवाचं काम तुयंच," सर म्हणाले आणि खुर्ची ओढून समोर बसले. मी एकेक डबा उघडला, नंबर वाचून दाखवला, त्यांनी बिलावर पेनानं खूण केली. सुटलेला पत्रा माझ्या खालच्या ड्रॉवरमध्ये आहे. त्या दिवशी पाना काढायला ड्रॉवर उघडला तेव्हा तो सरांनाही दिसला. त्यांनी हातात घेतला, उलटा केला, जळक्या डागावरून अंगठा फिरवला आणि परत ठेवून दिला.